सड्यावरचा शुक्रवार

प्रिय सायलीच्या बाबांस,

काल शुक्रवार होता. एवढ्यावरून तुम्हाला पुढचं सगळं कळायला हवं, पण कळणार नाही, म्हणून हे पत्र.

रागाने लिहितेय, आधीच सांगते. सायलीला फोन केला असता तर ती पुण्यात बसून हसली असती. "आई, तू बाबांशी अजून भांडतेस?" भांडणार नाहीतर काय करणार? ज्याच्याशी भांडायचं तो माणूस गेल्या पावसाळ्यात भरल्या ताटावरून उठला, छातीवर हात ठेवला आणि रिक्षा दारात यायच्या आत गेला. ताटात अर्धा बांगडा तसाच होता. बांगडा टाकून उठणारे तुम्ही नव्हेत. मला तेव्हाच कळलं होतं.

आणि बघा गंमत, कागद पुढ्यात घेतला की माझा हात आपोआप शाळेतली मराठी लिहायला लागतो. तुम्ही गल्फला होतात तेव्हाही असंच व्हायचं. "आम्ही इकडे खुशाल आहोत. आपली खुशाली कळवावी." जन्मात कधी तुम्हाला 'आपली' म्हटलं नव्हतं! मग मोबाइल आला आणि पत्रं बंद झाली. मला वाटलं, आता माणूस बोलेल तरी. काय बोलायचात तुम्ही? "जेवलंस? सायली बरी आसा? मी बरो आसंय. ठेवतंय." झालं! इकडे मी पदर खोचून, आठवड्याभराचं बोलणं तोंडात धरून उभी, आणि तिकडे "ठेवतंय"!

तर शुक्रवार.

मालवणात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की सोमवारी, गुरुवारी, शनिवारी मासळीवालीने माश्या हाकत बसायचं. आमचे दिवस बुधवार, शुक्रवार आणि रविवार. शुक्रवारी मला पाणी प्यायला फुरसत नसते. आणि माझा नवरा, वेल्डिंगची नोकरी सोडून एकदाचा कायमचा घरी आलेला, पहिल्याच शुक्रवारी अंघोळ करून, धुवट सदरा घालून ओट्यावर जाऊन बसला.

"अहो, बर्फाची पेटी उचलूक येवा."

"आज नाय. आज शुक्रवार. सुट्टी."

"सुट्टी? कोणाक? दर्याक?"

"थंय शुक्रवारीच सुट्टी असायची गो."

थंय! अहो, 'थंय' म्हणजे तिकडे. तिकडून आलात ना तुम्ही? की नुसती बॅग आली? बाकी दिवस तुम्ही पेटी उचललीत, टोपल्या धुतल्यात, माझ्या आधी उठून चहा ठेवलात, ते मी नाकारत नाही. देवाशपथ नाकारत नाही. पण शुक्रवार उजाडला की डोक्यावर टोपी आणि सायकलवर टांग, चालले सड्यावर, त्या उघड्या कातळमाथ्यावर. आणि बाजारातल्या बाया मला विचारायच्या, "काय गो मंदा, घोव खंय?" काय सांगू? नवरा वाळवंटात गेलाय?

ते वाळवंट! कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल. तुमच्या वाटणीला आलेला तो सड्याचा तुकडा म्हणजे नुसता कातळ. पावसात चार महिने गवत, मग उरलेलं वर्ष तापलेला तवा. मध्ये जुन्या चिरेखाणीचा खड्डा, त्यात पावसाचं पाणी साठलेलं. गुरंसुद्धा उन्हाळ्यात तिकडे फिरकत नाहीत. खाली एवढा मोठा समुद्र पसरलेला, मुंबई-पुण्याची माणसं होड्यांत बसायला रांगा लावतात, आणि तुम्ही काय केलंत? टेम्पोत वाळू भरून वर नेलीत! वाळू पसरलीत, दोन तंबू ठोकलेत, खजुराची रोपं लावलीत, त्यातलं एकच जगलं. खाणीच्या खड्ड्यात कटले आणि चिलापी मासे सोडलेत. आणि पाटी रंगवलीत, 'वाळवंट पार्क. तंबूत राहा, गळ टाका.'

सगळी वाडी हसली. "गजान सड्यार वाळवंट केल्यान!" मीही हसले, पण मला आतून हसू येत नव्हतं.

ते कोल्हापूरचं कुटुंब आठवतंय? गाडीतून उतरल्या उतरल्या पोरं ओरडायला लागली, "उंट कुठाय? उंट कुठाय?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "उंट नाही. शांतता आहे." तर त्या बाई म्हणाल्या, "मग पोरांनी बसायचं कशावर?" घरी येऊन तुम्ही हे मला सांगितलंत तेव्हा मी इतकी हसले की हातातलं कालवण सांडलं. तो एक दिवस बरा होता.

पण तुमची ती दुसरी पाटी! तळ्याच्या कडेला लावलेली. 'गावलेलो मासो परत पाण्यात सोडचो.' अहो, मालवणात? मासा सोडायचा? आपल्याच वाडीतल्या एकाला हाताएवढा कटला लागला, त्याने तो पिशवीत टाकला, आणि तुम्ही त्याला अडवलंत. तो काय म्हणाला ते बाजारात अजून सांगतात. "गजा, तुझा डोक्या फिरला काय? ह्यो मासो आसा, पावणो न्हय!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मासळी विकून घर चालवणाऱ्या बाईचा नवरा मासे सोडायला सांगतो, यापेक्षा मोठी नाचक्की ती काय?

आता खरं सांगते. वाळू, तंबू, पाट्या, हे सगळं मी पचवलं असतं. मला जाळत होतं ते वेगळंच. ऐन उमेदीची सगळी वर्षं तुमची वाट बघण्यात गेली. दर सुट्टी संपली की मी तुम्हाला गाडीपर्यंत सोडायला यायचे, हात हलवायचे आणि घरी येऊन टोपली उचलायचे. म्हणायचे, येईल, एक दिवस कायमचा येईल. आणि आलात तर पुन्हा वाळूच शोधत गेलात. त्या वाळवंटात असं काय होतं, जे माझ्यात नव्हतं? एवढंच मला विचारायचं होतं. दोनदा विचारलंही. तुम्ही म्हणालात, "तसा काय नाय गो." मग कसा आसा? ते मात्र सांगितलं नाहीत.

तुम्ही गेल्यावर मी एकदाही वर गेले नाही. का जाऊ? सवतीच्या घरी कोण जातं?

आता गेल्या आठवड्यात तुमचे भाऊ, बबन भावोजी, आले. म्हणाले, "वैनी, सड्यार कोणच येणा नाय. तंबू फाटले. तळ्यातला पाणी काढून टाकुया, खड्डो बुजवया, काजू लावया. निदान चार झाडा तरी होतली." मी म्हटलं, "काढा. उद्या काढत असशात तर आजच काढा." त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मी चेष्टा करत नव्हते. माझ्या मनातून तो खड्डा एकदा बुजायलाच हवा होता.

पंप शुक्रवारी मिळतो म्हणाले. म्हटलं, शुक्रवारी माझा बाजार. पण दोन दिवस वारा असा सुटला की होड्या किनाऱ्यालाच. बाजारात नुसती बर्फातली शिळी मासळी, ती मी विकत नाही, तुम्हाला माहीत आहे. म्हणून काल शुक्रवार असूनही मी मोकळी. टोपली घेतली, सुरी घेतली. कसालच्या हायवेवरचा एक हॉटेलवाला कटले घ्यायला तयार होता. म्हटलं, तळं आटलं की मासे तरी कामी येतील.

रिक्षावाला मला बघून म्हणाला, "मावशे, सड्यार खंय जातंस? थंय कोण नाय."

"माका ठावक आसा. म्हणानच जातंय."

पण तिथे माणसं होती!

तुमच्या त्या फाटक्या तंबूच्या सावलीत, वाळूवर चटई टाकून, तीन म्हातारे बसलेले. किटलीत चहा. तळ्यात तीन गळ सोडलेले. बोलणं नाही, चालणं नाही. त्यांतला फ्रान्सिस मी ओळखला, तो तुमच्या तेराव्याला येऊन दारातच उभा राहिला होता. दुसरे हसनभाई, नमाज पढून थेट आलेले, डोक्यावर जाळीची टोपी तशीच. तिसरे कसालकडचे कोणी काका, ते अख्ख्या दुपारीत बहुतेक दोनदा खोकले, बाकी काही नाही.

बबन भावोजी पंपाचा पाइप हातात धरून घामाघूम. "वैनी, बरा झाला इलास. ह्येंका सांगा. तासभर सांगतंय, उठणत नाय!"

मी कमरेवर हात ठेवला. तुम्हाला माहीत आहे मी कशी उभी राहते. "काय ओ, तुमका घर-दार नाय? ह्या तळा आज आटवचा आसा. उठा!"

फ्रान्सिस उठला नाही. वर बघून म्हणाला, "वैनी, इलास? बसा. चाय घेवा."

"चाय खंयची? तुमी हंय करतास काय?"

"शुक्रवार न्हय?" तो म्हणाला. जसं काही यात विचारण्यासारखं काय आहे!

शुक्रवार! अहो, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हे तिघेही गल्फचे! तुमच्यासारखेच! यांनाही घरी येऊन शुक्रवारची सुट्टी लागते! मी विचारलं, "फ्रान्सिस, तुझ्या बायकोक, रोझीक, माहीत आसा तू हंय येतंस ता?"

त्याने मान खाली घातली. "तिका वाटता मी देवगडाक जातंय. आंब्याच्या कामाक."

"दर शुक्रवारी? बारा महिने? पावसातसुद्धा आंबे?"

"ती इचारणा नाय."

इचारणा नाय! विचारत नाही म्हणे. मी सांगते का विचारत नाही. विचारून कंटाळलेली असणार ती, माझ्यासारखीच. तुम्ही लोक एक आहात, एकजात एक! तिकडून आलात ते तोंडाला कुलूप लावून. आणि कुलूप उघडायला जागा कुठली शोधलीत? माझ्या नवऱ्याचा खड्डा!

मी हे सगळं त्यांना तोंडावर बोलले. बबन भावोजी बाजूला सरकले. हसनभाईंनी चहाचा पेला माझ्यापुढे ठेवला, जसा पावसात उभ्या माणसाला कोणी छत्री देतं. मी घेतला नाही. म्हटलं, "आदी सांगा. थंय ह्येंका असा काय गावला होता, जा हंय माझ्याकडे गावला नाय?"

तेव्हा फ्रान्सिस बोलायला लागला. ऐका आता, तुमचीच गोष्ट, मला परक्याच्या तोंडून ऐकावी लागली!

"वैनी, आमच्या कॅम्पापासून बशीन गेल्यार येक बाग होती. ल्हानशी. भोवती सगळी वाळू, नजर पोचता थंयसर वाळू. मधी तळा, चार खजूर, तंबू ठोकूक जागा. गळ टाकूक द्यायचे, पण मासो गावलो तर सोडूक लागायचो. पाटीच होती तशी. आमी दर शुक्रवारी थंय. गावच्या आठवणीन जीव जायचो, म्हणान. आणि गजा थंय काय करायचो, दाखवू?"

तो उठला. सत्तरीच्या घरातला माणूस, गुडघे धरून उठला. खिशातला रुमाल काढून डोक्यावर पदरासारखा घेतला. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात हवेतला मासा. आणि त्याने हाक दिली,

"घे गो बाय! कल्लो उघडून बघ, कल्लो! नवरीचो शालूय इतको लाल नसता!"

माझी हाक! माझी! ताज्या माशाचे लाल कल्ले उघडून दाखवतानाची! मालवणच्या बाजारात दुसरी कोणी अशी हाक देत नाही, कोणी दिली तर मी तिला टोपलीसकट उचलून बाहेर काढीन. आणि ती हाक या माणसाच्या तोंडी, या रखरखत्या सड्यावर!

फ्रान्सिस सांगत होता, "बोटाएवढो मासो गावलो तरी गजा असो उठायचो. मगे केरळचो ड्रायव्हर गिऱ्हाईक व्हायचो. पठाण भाव करूक यायचो. भाव जमलो नाय काय गजा मान उडवन म्हणायचो, 'खावची ऐपत नाय तर वास घेवन जा!' सगळी बाग हसायची, वैनी. पठाणाक आपल्या भाशेतला अक्षर येयत नाय होता, पण 'कल्लो बघ' येयचा. तुमका थंय सगळे वळखायचे. तुमचो कोणी फोटोव बघूक नाय, पण वळखायचे."

मला काय झालं ते नीट लिहिता येत नाही. मी वाळूवर बसले ते आठवतंय. रडायला आलं आणि हसायलाही आलं, दोन्ही एकदम, नाक-डोळे सगळं वाहायला लागलं. हसनभाई दुसरीकडे बघत बसले, भला माणूस.

मग मी विचारलं, "आणि हंय? हंय सड्यार बसान काय बोलायचे?"

तिघेही एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी हसनभाई हळूच म्हणाले, "हंय? हंय थंयचा बोलायचो."

बघा! म्हणजे तिकडे असताना माझ्याबद्दल, आणि माझ्याजवळ असताना तिकडचं! धन्य आहे तुमची! तिकडे केरळच्या ड्रायव्हरला माझ्या हाकेची नक्कल करून दाखवणार, पठाणाला शिकवणार, आणि मला फोनवर काय? "ठेवतंय"! अहो, एकदा, एकदा तरी फोनवर तेच म्हणायचं होतं ना! "मंदा, आज मी तुझी नक्कल केलंय आणि सगळी बाग हसली," एवढं एक वाक्य! मी वर्षभर ते वाक्य उशाशी घेऊन झोपले असते. मला वाटायचं तुम्ही तिकडे मला विसरलात. आणि इकडे आल्यावर वाटायचं, आठवण आहे ती वाळूची. माझ्या जन्माची माती केलीत तुम्ही न बोलून.

बाजारात मी उठता-बसता सगळ्यांना "मेल्या" म्हणते, तुम्हालाही म्हणायचे. काल तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं. आता तोही मार्ग बंद करून गेलात.

आणि एक सांगायचं राहिलं. फ्रान्सिसने हाक दिली तेव्हा पहिल्यांदा मला कळलं नाही मी का दचकले. मग लक्षात आलं. फ्रान्सिस कधी मासळी बाजारात माझ्यासमोर आला नव्हता. त्याने माझी हाक माझ्याकडून ऐकलेलीच नाही. तो माझी नक्कल करत नव्हता, तो तुमची करत होता. 'बाय' म्हणताना तुम्ही आवाज वर नेऊन मध्येच तोडायचात, घोट अडकल्यासारखा, तसाच त्याने तोडला. मी तसा तोडत नाही. ती हाक माझी होती, आवाज तुमचा होता. पावसाळ्यापासून मी तो ऐकला नव्हता.

म्हटलं, "फ्रान्सिस, परत येकदा."

त्याने परत दिली. मी डोळे मिटून ऐकली.

बबन भावोजी बिचारे उन्हात तसेच उभे. "वैनी, पंप चालू करू?"

मी फ्रान्सिसचा गळ घेतला आणि तळ्याच्या कडेला, तुमच्या त्या चिऱ्यावर, जाऊन बसले. अख्खा जन्म मासळीत गेला, पण गळ टाकून बसायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. बसून राहायचं आणि पाण्याकडे बघायचं, हे कसलं काम? खाली वाऱ्याने समुद्र पांढरा झालेला दिसत होता. वर वाळू उडत होती. मला नाही कळलं तुम्हाला त्यात काय दिसायचं. अजूनही नाही कळलं. पण बसले.

आणि लागला! चांगला हातभर कटला. ओढताना दोरी बोटाला कापली. मी त्याला वाळूवर काढला, तो उड्या मारतोय, आणि फ्रान्सिस धावत आला. "वैनी, सोडा. गजाची पाटी आसा. सोडा तेका."

"सोडूचो नाय."

"वैनी, नियम..."

"थंयचो नियम थंय! फ्रान्सिस, दर सुट्टी संपली काय मी ह्येंका सोडूक गेलंय. दर खेपेक सोडलंय. आणि आता तर कायमचा. माझा सोडून झाला सगळा. आता माझ्या हातात जा गावला ता मी सोडूचंय नाय."

कसालचे काका खोकले.

"भावोजी," मी म्हटलं, "पंप घेवन घराक जावा. काजू तुमच्या वाटणीत लावा."

भावोजींनी कपाळाला हात लावला. पण पाइप गुंडाळला. मासा होईपर्यंत थांबले मात्र.

तुमच्या तंबूत स्टोव्ह होता, तवा होता. आणि डब्यात काय होतं सांगू? माझा मसाला! माझ्या हाताचा, उन्हात वाळवून कुटलेला! गेल्या वर्षी घरातला डबा गायब झाला तेव्हा मी सायलीवर संशय घेतला होता, पोरगी पुण्याला घेऊन गेली म्हणून तिला फोनवर बोललेही होते. चोर घरातच होता! एवढ्या वर्षांत मसाल्याची तारीफ तोंडाने केली नाहीत, पण चोरून सड्यावर नेलात. काय म्हणावं या माणसाला?

मी मासा कापला, मीठ-मसाला चोळला, तव्यावर टाकला. हसनभाईंनी घरून रोट्या आणल्या होत्या. आम्ही वाळूवर बसून जेवलो. खरं सांगते, त्याला चिखलाचा वास येत होता. गोड्या पाण्यातल्या माशाला चव ती काय असणार? पण मी पहिला तुकडा तुमच्या नावाने त्या एकुलत्या खजुराच्या बुंध्याशी ठेवला, आणि माझ्या वाटचं शेवटच्या काट्यापर्यंत खाल्लं. फ्रान्सिस आधी खाईना. तिकडच्या बागेत इतकी वर्षं मासे पकडले, पण एकही चाखला नव्हता त्याने. मग एक घास घेतला आणि चावत राहिला.

निघताना मी तिघांना ठणकावून सांगितलं. तळं राहील, तंबू शिवून मिळतील. पण यापुढे शुक्रवारी एकटं यायचं नाही. बायकोला घेऊन यायचं. थंयचं काय बोलायचं असेल ते तिच्यासमोर बोलायचं. फ्रान्सिस म्हणाला, "रोझी माका मारतली." मी म्हटलं, मारूदे. बारा महिने आंबे खाल्लेस, आता मार खा.

तर आता माझं वचन ऐका, आणि मध्ये बोलू नका.

पुढच्या शुक्रवारपासून माझा बाजार दुपारपर्यंतच. बायका ओरडतील, गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, जाऊदे. तुम्ही जन्मभर हट्टाने पाळलीत ती सुट्टी आता मी पाळणार. पहिल्या खेपेला मी स्वतः रोझीच्या दारात जाऊन तिला रिक्षात घालून वर नेणार आहे. तळ्याकाठची तुमची पाटी भावोजींना पुसायला सांगितली आहे. तिथे नवं लिहायचं, 'गावलेलो मासो खावचो. ताट टाकून कोणी उठाचा नाय.' उंट मात्र आणणार नाही, शांततेवरच बसा म्हणावं पोरांना.

आणि फ्रान्सिसकडून एक कबूल करून घेतलंय. दर शुक्रवारी, चहा झाल्यावर, त्याने उठायचं, डोक्यावर रुमाल घ्यायचा आणि एकदा ती हाक द्यायची. गुडघे दुखले तरी द्यायची. जोवर त्याचा आवाज आहे तोवर मी तिथे वाळूवर बसून ऐकेन.

मी बरी आसंय. मी नाय ठेवणंय.

तुमचीच,
मंदा